पुन्हा बघणे

पप्पा गेल्यापासून मी जिन्याने जातो.
अकरा मजले, एकशे अठ्ठ्याण्णव पायऱ्या,
सातव्यावर हवा गेलेली सायकल,
नवव्यावर दुपारी सुकटीचा वास.
आई म्हणते, लिफ्ट आहे ना रे.
लिफ्ट आहे. म्हणूनच.

अख्ख्या विक्रोळीच्या लिफ्ट त्यांच्याकडे होत्या,
आणि आमच्याच बिल्डिंगच्या लिफ्टला
पाचव्या-चौथ्याच्या मधे एक हिसका होता.
दर वेळी वर बघून म्हणायचे,
"गाईड शू झिजलाय. रविवारी बघतो."
तो रविवार राजावाडीत गेला.
त्याच्या पुढचा आलाच नाही.
डेंग्यू म्हणजे एक आकडा,
रोज सकाळी डॉक्टर सांगतात
आणि कालच्यापेक्षा लहान असतो.

डोकं करताना न्हावी म्हणाला, मान हलवू नको.
तेव्हापासून हलवली नाही.
शाळेत सगळे फार चांगले वागले.
ज्यानं आठवीत माझा डबा पळवला होता
तो स्वतःचा डबा पुढे करायला लागला.
मला तो पळवणाराच हवा होता.

मग एका संध्याकाळी सहाव्याच्या वळणावर
एक मुलगा, मांडीवर दुधाच्या पिशव्या,
धापा टाकत बसलेला.
माझ्या डोक्याकडे बघून म्हणाला,
"टायफॉइड काय रे?"
हो म्हटलं.
"माझ्या चाचाला पण झालेला. नंतर केस कुरळे आले."
नौशाद परकार. तेरावा मजला. खेडहून आलेला.
लिफ्टचं दार लागलं की छातीवर
कुणीतरी विहिरीचं झाकण ठेवतं, म्हणाला.
"आमच्याकडे सगळ्यात उंच म्हणजे फणस.
तू पण घाबरतोस?"
हो म्हटलं.
एका जिन्यात दोनदा खोटं बोललो
आणि कितीतरी दिवसांनी भूक लागली.

त्यानं मजल्यांना नावं ठेवली.
चौथा भरणा नाका, आठवा दापोली,
दहावा हर्णै, कारण तिथल्या खिडकीतून
खाडीचा एक तुकडा दिसतो, बोटभर.
अकराव्याला नाव दिलं नाही.
"तुझं घर आहे ना तिथे."
आम्ही दापोलीला भूमितीचा गृहपाठ करायचो.
कधी नुसते बसायचो, वॉचमन ओरडेपर्यंत.

केस आले. सरळच आले.
तेव्हा सांगितलं त्याला, काय झालेलं ते.
तो काही बोलला नाही.
दुधाची एक पिशवी माझ्या हातात दिली
आणि तेराव्यापर्यंत माझ्या मागे दोन पायऱ्या ठेवून चालला.

टाकी धुवायला आले त्या दिवशी गच्ची उघडी होती.
मशीन रूमचं दारही.
आत ग्रीसचा वास. पप्पांच्या शर्टाचा वास म्हणजे हाच,
हे मला तोवर माहीत नव्हतं.
भिंतीवर तारेला एक कार्ड.
तारीख, तेल, सही. तारीख, तेल, सही.
नौशादनं शेवटची ओळ मोठ्यानं वाचली,
धडा वाचतात तशी, बोट ठेवून:
पाचव्याला हिसका. पुन्हा बघणे.
त्याखाली निळ्या शाईत कुणा नव्याचं
ओके. ओके. ओके.

मी भिंतीकडे तोंड करून किती वेळ उभा होतो, ठाऊक नाही.
तो दारात उभा राहिला
आणि टाकीवाल्याला सांगत होता,
"चावी हरवलीय आमची, शोधतोय."

"मला लिफ्टनं जायचंय," मी म्हटलं.
"जा की."
मग स्वतःच, "थांब."

त्यानं डोळे मिटले, माझी बाही पकडली,
बारा, अकरा, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत,
सहा, पाच,
आणि हिसका बसला.
"अजून आहे!" मी ओरडलो.
"काय आहे?" डोळे न उघडता, बाही पिळत, "काय आहे रे, काय आहे?"

चौथ्यावर दार उघडताच बाहेर पळाला,
भिंतीला टेकून बसला.
"भरणा नाका," म्हणाला, घामाघूम.
"उरलेलं चालत.
आणि उलटी झाली तर तू पुसायची."